मयत खातेदारांची कादंबरी: गोगोल आणि त्याचे टीकाकार वाचायची एका निवृत्त तलाठ्याची रीत

नव्या सजेवर बदली झाली की पहिल्या आठवड्यात माझं एकच काम असायचं. दुपारी कोतवालाला समोर बसवायचं, सातबारे काढायचे आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. ‘हा आहे का?’ ‘आहे आप्पा.’ ‘हा?’ ‘तो ते मरी गया ना आप्पा.’ अमळनेर तालुक्यातल्या एका गावात अशी एकशे सतरा नावं निघाली. माणसं बोरीच्या काठावर कधीच जळून गेलेली, पण कागदावर कापूस पेरत होती, कर्ज उचलत होती. त्यातला एकजण तर दुष्काळाच्या अनुदानाच्या यादीतही होता.

त्यामुळे निकोलाय गोगोलची ‘डेड सोल्स’, म्हणजे ‘मृत आत्मे’, हाती आली तेव्हा गोष्ट कुणी समजावून द्यावी लागली नाही. मेलेल्या माणसांची नावं विकत घेत फिरणारा चिचिकोव्ह नावाचा एक सभ्य गृहस्थ. एवढं कळायला तलाठी असणं पुरतं. दमवलं ते टीकाकारांनी. पुस्तक १८४२ चं, आणि तेव्हापासून दर वीस-तीस वर्षांनी कुणीतरी उठतो आणि आधीच्यांना हे पुस्तक कळलंच नाही म्हणतो.

माझी भाची एम.ए. करते. तिला या कादंबरीच्या अन्वयार्थांवर प्रकल्प मिळाला. गाइडातून एक वाक्य उतरवून ती माझ्याकडे आली: ‘ही कादंबरी म्हणजे रशियातील भूदासपद्धतीवरील प्रखर उपहास होय.’ खोटं नाही ते. पण ‘सदर जमीन जिरायत आहे’ एवढं लिहून पंचनामा संपवला तर तहसीलदार फाईल तोंडावर फेकतो. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो. साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. दप्तर वाचायची सवय आहे, तीच इथं कामी आली.

आधी दप्तर समजून घ्या

प्रस्तावना वाचू नका. शेवटी वाचा. बहुतेक आवृत्त्यांची प्रस्तावना पहिल्या पानालाच निकाल लावून मोकळी होते आणि मग आपण तीनशे पानं तो निकाल शोधत बसतो.

त्याऐवजी व्यवहार समजून घ्या. पीटर द ग्रेटनं पुरुषांवर डोईपट्टी बसवली. वसुलीसाठी डोकी मोजायची; त्या मोजणीला ‘रेविझिया’ म्हणत. १७१९ ते १८५८ या काळात अशा दहा झाल्या. सातवी १८१५ च्या सुमारास, आठवी १८३३ ला, म्हणजे मध्ये अठराएक वर्षं. पट्टीसाठी धरायचे फक्त पुरुष, आणि प्रत्येकाला म्हणायचं ‘आत्मा’. या अठरा वर्षांत भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा शेतकरी, मेला तरी पुढच्या मोजणीपर्यंत कागदावर तो जिवंत, आणि त्याची पट्टी जमीनदारानं भरायची. चिचिकोव्ह हीच मेलेली नावं स्वस्तात घेतो, रीतसर खरेदीखत करतो आणि ती माणसं खेरसोन प्रांतात वसवतोय असं दाखवतो, कारण वसाहतीसाठी तिकडं जमीन फुकट मिळत होती. मग ती सरकारी पालक मंडळाकडे गहाण टाकून नावामागं दोनशे रूबल उचलायचे, असा बेत. गोगोल हे सरळपणे सांगतो ते पार अकराव्या, पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात. तोवर वाचकही गावातल्या लोकांसारखाच तर्क करत बसतो.

त्या मोजणीच्या यादीला रशियनमध्ये ‘रेविझस्काया स्काझ्का’ म्हणत. ‘स्काझ्का’चा कचेरीतला जुना अर्थ जबानी. आज तोच शब्द परीकथेला वापरतात. हा शब्द सापडला त्या दिवशी मी एकटाच ओट्यावर बसून हसत होतो.

आणि ‘आत्मा’ या शब्दावरच पहिली टीका झाली, तीही पुस्तक निघायच्या आधी. मॉस्कोच्या सेन्सॉर समितीत हस्तलिखित गेलं तेव्हा अध्यक्ष गोलोख्वास्तोव ओरडले की आत्मा अमर असतो, मेलेला आत्मा असूच शकत नाही, लेखक अमरत्वावरच घाला घालतोय. त्यांना सांगितलं की साहेब, हे डोईपट्टीतले आत्मे; तर ते म्हणाले, मग तर आणखी वाईट, हे भूदासपद्धतीच्या विरोधात झालं. हे खुद्द गोगोलनं पत्रात लिहून ठेवलंय. शेवटी पीटर्सबर्गच्या सेन्सॉरनं परवानगी दिली, पण नावाला शेपूट जोडायला लावलं: ‘चिचिकोव्हची साहसं, अथवा मृत आत्मे’. पुढच्या पावणेदोनशे वर्षांतले टीकाकार बघितले तर गोलोख्वास्तोव साहेबांच्या या दोन आक्षेपांतच त्यांचे दोन गट पडतात. एक गट आत्मा धरतो, दुसरा पट्टी. साहेबांनी रागाच्या भरात दोन्ही बरोबर पकडलं होतं.

एक पान निवडा आणि सगळ्यांना त्याच पानावर बोलवा

स्थळपाहणीला पंच शेतावरच बोलवावे लागतात. घरी बसून सही करणारा पंच काय कामाचा? टीकाकारांचंही तसंच. बेलिन्स्की काय म्हणाला, नाबोकोव्ह काय म्हणाला, ही जंत्री पाठ करू नका. एक पान निवडा आणि प्रत्येकाला तिथं उभं करून विचारा, बाबा रे, इथं तुझं म्हणणं लागू पडतं का?

माझं पान सातव्या प्रकरणातलं. चिचिकोव्ह सकाळी उठतो, खरेदी केलेल्या नावांच्या याद्या काढतो आणि खरेदीखतासाठी स्वतःच उतरवून काढतो, कारकुनाला पैसे द्यायला नकोत म्हणून. लिहिता लिहिता तो थांबतो. स्त्येपान प्रोब्का, सुतार. हा कसा मेला असेल? देवळाच्या घुमटापर्यंत चढला असेल, फळीवरून पाय घसरला असेल. खाली उभा असलेला कुणी मिखेयकाका डोकं खाजवत म्हणाला असेल, ‘अरे वान्या, काय करून बसलास हे!’ आणि कमरेला दोर बांधून स्वतःच त्याच्या जागी वर चढला असेल. बघा, नाव स्त्येपान आणि काका हाक मारतो वान्या. मेलेल्याचं नावसुद्धा धड कुणाच्या लक्षात नाही. मला या ओळीवर दर वेळी थांबावं लागतं.

पुढं माक्सिम तेल्यात्निकोव, चांभार. सोबाकेविच या जमीनदारानं विकताना सांगितलेलं असतं की टोचा मारला की बूट तयार, आणि दारूला शिवत नाही. चिचिकोव्ह तेच नाव वाचतो आणि त्याला दिसतो सडक्या चामड्याचे बूट विकून गिऱ्हाइकं गमावणारा, दारूत बुडालेला चांभार. एकाच नावाच्या दोन जबान्या. यातली खरी कुठली? दोन्ही नाहीत, दोघंही मनानं रचतायत. पुढं प्ल्यूश्किन या दुसऱ्या जमीनदाराच्या फरारी माणसांच्या यादीत अबाकुम फीरोव येतो आणि चिचिकोव्ह त्याला व्होल्गावर नावा ओढणाऱ्यांत गाणं म्हणताना बघतो.

आता पंच बोलवा.

व्हिसारिओन बेलिन्स्की पहिला, कारण तो १८४२ मध्येच बोलला. त्याच्या लेखी हे पुस्तक रशियन जीवनाच्या आतून उपटून आणलेलं सत्य. त्याच साली कोन्स्तान्तीन आक्साकोव्हनं पुस्तिका काढून गोगोलला होमरच्या रांगेत बसवलं, महाकाव्याची ती विशाल शांत नजर पुन्हा आली म्हणून. बेलिन्स्की भडकला. होमर आपलं जग मान्य करून गातो. इथलं जग मान्य करण्यासारखं आहे का, असा त्याचा सवाल. आमच्या पानावर मी बेलिन्स्कीला मत देतो, कारण सुतार पडतो आणि जागा लगेच भरली जाते, यात शांती कसली? पण आक्साकोव्हला एकदम हाकलू नका. गोगोलनं स्वतः मुखपृष्ठ काढलं आणि त्यावर ‘महाकाव्य’ असाच अर्थ निघणारा ‘पोएमा’ हा शब्द मोठ्या अक्षरांत घातला. कादंबरी म्हणायला तो तयार नव्हता. का, याचं उत्तर ज्याच्या लेखात नसेल त्याचे गुण मी कापतो.

अलेक्सांद्र हर्झेननं १८४२ च्या रोजनिशीत लिहिलं की खरे मृत आत्मे यादीतले नव्हेत. मनिलोव्ह, नोझद्रेव ही जमीनदार मंडळी मृत आत्मे, आणि ते आपल्याला पावलोपावली भेटतात. सगळ्या गाइडांत आज जे वाक्य फिरतं त्याचं मूळ इथं. पुन्हा पुन्हा उगाळून ते गुळगुळीत झालंय, पण आमच्या पानावर ते नव्यानं चमकतं. त्यासाठी त्याच्या शेजारी वासिली रोझानोव्हला बसवायचं. १८९० च्या दशकात तो म्हणाला की गोगोलची माणसं मेणाचे पुतळे आहेत, आत जीव नाही, आणि गोगोलनं रशियन साहित्याला हा रोग लावला. भाची म्हणाली, ‘मामा, हा तर शिव्याच देतोय.’ मी म्हटलं, देऊ दे, तू पान उघड. मनिलोव्ह मेणाचा आहे, कबूल. त्याच्या खोलीत एक पुस्तक दोन वर्षं चौदाव्या पानावर खूण घालून पडलंय. पण प्रोब्का? तो सहा ओळींत चढतो, घसरतो, मरतो. म्हणजे रोझानोव्हची तक्रार जिवंतांना लागू, मेलेल्यांना नाही. शत्रू आणि मित्र एकाच बांधावर येऊन उभे राहिले. पुस्तकातले जमीनदार कागदासारखे सपाट, आणि कागदावरची नावं हाडामांसाची. मला स्वतःला या पुस्तकाबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच, आणि ते कुठल्याही एका टीकाकारात मिळालं नाही, दोघांना भांडायला लावून मिळालं.

मेरेझ्कोव्स्कीनं चिचिकोव्हमध्ये सैतान बघितला, शिंगांशिवायचा, मध्यम आकाराचा. वाचायला मजा येते, पानावर फारसा टिकत नाही. सोव्हिएत पाठ्यपुस्तकांना पट्टी दिसली, आत्मा दिसला नाही. पुढं चला.

नाबोकोव्हशी भांडायला शिका

व्लादिमीर नाबोकोव्हचं छोटं पुस्तक १९४४ चं. इंग्रजीतून वाचणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा हेच लागतं, आणि तो इतकं बेफाम लिहितो की बाकीचे सगळे मास्तर वाटायला लागतात. सांभाळून.

त्यानं दाखवलेली गोष्ट खरी सोन्यासारखी आहे. गोगोलच्या उपमेतून नवी माणसं जन्माला येतात. चिचिकोव्ह सोबाकेविचच्या दारात येतो, खिडकीत दोन चेहरे. एक बाईचा, काकडीसारखा लांबट. एक पुरुषाचा, भोपळ्यासारखा गोल. इथं आपण थांबलो असतो. गोगोल नाही थांबत. तो म्हणतो, त्या भोपळ्यासारखा ज्याच्यापासून बालालाइका हे तंतुवाद्य करतात. मग ती बालालाइका वाजवणारा विशीतला छैलछबिला पोरगा येतो, भोवती जमलेल्या गोऱ्या गळ्यांच्या पोरींना डोळे मारतो, शीळ घालतो. आपल्याकडे समजा शेठजींचं तोंड भोपळ्यासारखं म्हणायचं आणि तिथून भोपळ्याच्या एकतारीवर आणि ती वाजवत जत्रेत फिरणाऱ्या पोरावर जायचं. तेवढ्यात खिडकीतले दोन्ही चेहरे नाहीसे झालेले असतात. पोरगा वाक्याबरोबर जन्मला, वाक्याबरोबर संपला. सातव्या प्रकरणातला मिखेयकाकाही असाच. नाबोकोव्ह नसता तर हे माझ्या ध्यानात आलं नसतं.

पण त्याला सामाजिक वाचनाचा तिटकारा. रशियाची परिस्थिती, भूदासांचे हाल, असं कुणी म्हटलं की तो नाक मुरडतो. गंमत अशी की त्याच पुस्तकात तो स्वतः लिहून जातो की जिथं जिवंत माणसं कायद्यानं विकली-गहाण टाकली जात होती तिथं मेलेली विकत घेण्यात चिचिकोव्हनं असं काय मोठं पाप केलं. अरे, मग हेच तर बेलिन्स्की सांगत होता! असा सांधा सापडला की तिथंच बोट ठेवून लिहा. परीक्षक झोपेतून उठतो.

भाषेच्याच बाजूला अंद्रेई बेली आहे. त्याचं ‘गोगोलची कारागिरी’ १९३४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघालं. या माणसानं गोगोलच्या लिखाणातले रंग मोजून टक्केवारी काढली. पीकपाहणीच म्हणा ना. त्याची एक खूण लगेच वापरता येते: ‘हाही नाही, तोही नाही’ अशी वाक्यं शोधा. पहिल्याच परिच्छेदात चिचिकोव्ह देखणा नाही पण दिसायला वाईटही नाही, फार जाड नाही, फार बारीक नाही. एवढं वर्णन वाचून हातात काय लागलं? शून्य. पेन्सिलीनं खुणा करत गेलात तर समास भरून जातो.

बेली एक आणखी म्हणतो, की पाच जमीनदार चढत्या क्रमानं अधिकाधिक मेलेले आहेत. हे बऱ्याच शिक्षकांच्या तोंडी असतं. युरी मान या अभ्यासकानं १९७८ च्या ‘गोगोलचं काव्यशास्त्र’मध्ये त्याला साधा अडथळा घातला: सर्वांत शेवटी येणारा प्ल्यूश्किन सर्वांत मेलेला कसा, जर पाचांत भूतकाळ एकट्या त्यालाच आहे? त्याची बायको होती, मुली होत्या, नेटका संसार होता. शाळासोबत्याचं नाव निघताच त्याच्या लाकडी चेहऱ्यावरून एक ऊबदार किरण सरकतो. दुसरा भूतकाळवाला खुद्द चिचिकोव्ह. बाकीचे चौघे जन्मल्यापासून जसेच्या तसे. ज्याला फेरफार आहे त्यात पुढं आणखी फेरफार होऊ शकतो, असा मानच्या म्हणण्याचा माझ्या भाषेतला अर्थ. गोगोलची तीन भागांची योजना, महाकाव्यात नरकातून वर चढणाऱ्या दान्तेसारखी, हे सगळं इथं जोडून घ्या, पण हात राखून. दुसऱ्या भागाचं हस्तलिखित गोगोलनं फेब्रुवारी १८५२ मध्ये मॉस्कोत रात्री चुलीत घातलं आणि दहा दिवसांत तो गेला. काही प्रकरणांचे मसुदे उरले. जळालेल्या दप्तरावर दावा लावू नये.

खुद्द गोगोलनं १८४७ मध्ये आपल्या पुस्तकाबद्दल बरंच उपदेशपर लिहिलं. खातेदाराचं म्हणणं नोंदवून घ्यायचं असतं, ते निकाल म्हणून उचलायचं नसतं. त्यावर त्याच साली बेलिन्स्कीनं त्याला झाल्झब्रुनहून ते प्रसिद्ध संतापाचं पत्र लिहिलं. ते पत्र मित्रांत वाचून दाखवलं हा दस्तयेव्हस्कीवरचा एक आरोप होता. १८४९ मध्ये त्याला मृत्युदंड झाला आणि गोळ्या घालायच्या मैदानात उभं केल्यावर ती शिक्षा बदलली. समीक्षा वाचली म्हणून. पत्र शोधून नक्की वाचा.

घासाघीस मोठ्यानं वाचा

टीका वाचून डोकं जड झालं की पाचवं प्रकरण काढा आणि दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा. भाचीला मी चिचिकोव्ह केलं, मी सोबाकेविच. तो मेलेल्या माणसाचे शंभर रूबल मागतो! आणि वर मेलेल्यांचे गुण सांगतो, गाडी कशी करायचा, विटा कशा रचायचा. अडीच रूबलवर सौदा ठरतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी वडिलांबरोबर लहानपणी जायचो. तिथं रुमालाखाली बोटं धरून भाव चालायचा आणि तोंडानं मात्र घोड्याच्या आजोबाचं कौतुक. सोबाकेविच तिथं सहज खपला असता. थापाड्या नोझद्रेव तर दर वर्षी भेटायचा, फक्त नाव वेगळं. कोरोबोच्का ही जमीनदार म्हातारी अठरा मेलेली माणसं पंधरा रूबलला देते, पण रात्रभर तळमळते की बाजारभाव जास्त असला तर? आणि भाव विचारायला गाडी जुंपून शहरात येते. चिचिकोव्हचं बिंग फुटायला तीही कारण होते. माझ्या आईला हे सांगितलं तर ती जात्याजवळून म्हणाली, ‘मरेल माणूसले कोण इकत लेस रे?’ आणि दोन मिनिटांनी: ‘कितलाले गया?’ कोरोबोच्का समजून घ्यायला एवढी समीक्षा पुरते.

लिहिताना वहीचं पान उभं दुमडून दोन भाग करा. डावीकडे टीकाकाराचं म्हणणं आणि साल. साल टाळू नका. १८४२ चा भूदास असलेला देश आणि १९४४ चा परदेशातला प्राध्यापक एकाच ओळीत बसवले की घोटाळा होतो. उजवीकडे कादंबरीतली ओळ, जिथं ते म्हणणं लागू पडतं किंवा मोडतं. उजवी बाजू कोरी राहिली तर तो टीकाकार प्रकल्पातून वगळा, नाव कितीही मोठं असो.

भाचीनं हे सगळं केलं आणि आठवड्यानं स्वतःच एक ओळ शोधून आली. सोबाकेविचच्या यादीत चिचिकोव्हला ‘येलिझावेत वोरोबेय’ सापडते. बाई! मोजणीत बायकांना किंमत नाही, म्हणून लबाडानं नावाचं शेवटचं अक्षर छाटून ती पुरुषांत घुसवली. चिचिकोव्ह चिडून ते नाव खोडतो. भाची म्हणाली, ‘मामा, सगळे टीकाकार याला सोबाकेविचची लबाडी म्हणून हसून सोडून देतात. पण अख्ख्या यादीत बाईचं नाव येतं ते फक्त लबाडीनं, आणि कळल्याबरोबर खोडलं जातं. हे लिहू का?’

मी म्हटलं, लिही, हाच तुझा प्रकल्प.

ती वही मिटून जरा वेळ बसली. मग म्हणाली, ‘२०२५ ला ती जिवंत सातबाऱ्याची मोहीम निघाली तेव्हा आजोबांचं नाव आपल्या उताऱ्यावर नव्हतंच ना?’

नव्हतं. ते गेले त्याच वर्षी नावाला कंस होऊन ते कमी झालं होतं. मी तलाठी, माझ्या घरी दिरंगाई कशी होईल?

‘मग आईचं नाव वारसात लागलं होतं?’

लागलं होतं. चार महिने. मग हक्कसोड झाली, राखीला साडी दिली. मी तिला फेरफार क्रमांक सांगितला. तो मला पाठ आहे.